बिरिंगाच्या रोपवेखालचं भुयार

दत्तप्रसादला हवेत लटकायचा पगार मिळत होता, आणि ह्या जगात आपल्यापरीस सुखी गडी दुसरा न्हाई असं त्याचं ठाम मत होतं.

हवेत म्हणजे खरोखरच हवेत. सिडनीच्या पश्चिमेला डोंगर आहेत, त्यातल्या बिरिंगा नावाच्या कड्यावरनं खाली दरीत एक रोपवे उतरतो. आपल्याकडं रायगडाला आहे तसाच, फक्त हितला डबा खोलीएवढा. माणसं उभी राहतात, खाली बघून किंचाळतात आणि वर येऊन कॉफी पितात. त्या डब्यात दाराशी एक माणूस लागतो. दार लावायचं, पोरांना काचेवर चढू द्यायचं नाही आणि दोर सुरू झाला की चार शब्द बोलायचे. तसल्या माणसांतला एक म्हणजे दत्तप्रसाद.

गडी मूळचा शाहूवाडीच्या अंगाचा, घोणसगडाच्या पायथ्याचा. ऑस्ट्रेलियात आला हॉटेलातल्या स्वयंपाकाचा कोर्स करायला. कोर्स झाला, पर्मनंट रेसिडन्सी झाली, पण कांदा चिरायचा कंटाळा काही गेला नाही. मग सिडनीतल्या हॅरिस पार्कातलं मिठाईचं दुकान, मग टॅक्सी, मग कुठलं तरी गोडाऊन असं करत करत तो ह्या डब्यात येऊन पडला, आणि पडला तो रुतलाच. वेंटवर्थव्हिल ह्या उपनगरात भाड्याचं घर. सकाळच्या ट्रेनने डोंगरावर, दिवेलागणीला परत. बायको सुचित्रा पुण्याची, पॅरामॅटात एका बँकेत कॉम्प्युटरवर. ती मैत्रिणींना सांगायची, "दत्ता टुरिझममध्ये आहे." गावाकडं त्याची आई सांगायची, "दत्त्या तकडं पाळण्यात बसतोय." दोघींचंही खरंच होतं.

कामावरच्या गोऱ्यांनी त्याचा 'डॅटो' केला होता. त्यातला एक केव्ह. दोराला वंगण घालणारा, खांबावरच्या चाकांची निगा राखणारा फिटर. साठीचा, बोलायला महाग आणि शिवी द्यायला स्वस्त. सकाळच्या चहाच्या सुट्टीला तिकडं स्मोको म्हणतात. त्या स्मोकोला केव्ह आणि दत्तप्रसाद वरच्या स्टेशनामागं पिंपावर बसायचे. केव्हनं रोपवेचा सगळा इतिहास दत्तप्रसादला तिथंच सांगितला, तोही वर्षभरात तुकड्या-तुकड्यानं, कारण एका बैठकीत पाच वाक्यांच्या वर बोलणं केव्हच्या तब्येतीला मानवत नव्हतं.

कंपनीच्या कागदावर इतिहासाच्या जेमतेम दोन ओळी होत्या. आधी कोळशाची खाण होती, ती बंद पडली, मग हवाई डबा सुरू झाला, मग स्वित्झर्लंडहून नवे डबे आले, कृपया दारापासून लांब उभे राहा. संपलं.

खरं झालं होतं ते असं. खाण चालू होती तेव्हा कोळशाच्या ट्रॉल्या तारेच्या दोरानं कडा चढायच्या. खाण बंद पडली आणि सगळा सांगाडा गंजत पडला. तो भंगारात घेतला गावातल्या गॅरेजवाल्यानं, मर्व्ह डन्फी त्याचं नाव. मर्व्हला इंजिनिअरिंग येत नव्हतं, पण तसं त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. त्यानं मोडक्या बसचं इंजिन कड्यावर सिमेंटात रोवलं, दुधाच्या गाडीचा सांगाडा दोराला टांगला, आणि उद्घाटनाला नगराध्यक्ष, पाद्री आणि बँडातला सगळ्यात मोठा भोंगा वाजवणारा असे तिघं आत घातले. डबा बरोबर मधोमध गेला आणि पेट्रोल संपलं. मर्व्ह पेट्रोल आणायला पळाला तर गॅरेजला कुलूप. कुलपाची किल्ली मर्व्ह ज्यातनं आला त्या नगराध्यक्षाच्या मोटारीत, मोटारीची किल्ली नगराध्यक्षाच्या खिशात आणि नगराध्यक्ष हवेत. तिघं दुपारभर लटकले. पाद्र्यानं प्रार्थना केली, भोंगेवाल्यानं सवयीनं वाजवून घेतलं, आणि खाली एवढी जत्रा जमली की मर्व्हच्या बायकोचे, एडनाचे, चहाबरोबरचे सगळे गोड पाव खपले. तिथनं पुढं वर्षभर दर रविवारी डबा मधोमध 'बंद पडायचा'. चालत्या डब्यापेक्षा अडकलेला डबा बघायला माणूस जास्त येतो, हे मर्व्हनं पहिल्याच दिवशी ताडलं होतं. त्या कमाईतनं त्यानं खरं इंजिन घेतलं, खरे खांब घातले, आणि म्हातारपणी सगळं विकून टाकून समुद्राकाठी मासे मारायला गेला. पुढं त्या रोपवेचे मालक बदलत बदलत सिडनीतल्या एका मोठ्या कंपनीपर्यंत आले, ज्यांनी मर्व्हचं नावही ऐकलं नव्हतं.

आता असा इतिहास हाताशी असल्यावर माणसानं काय करावं? सांगावा. दत्तप्रसादनं सांगितला. गोऱ्यांना इंग्रजीत सांगितला, ते हसले. मग आपल्या माणसांना मराठीत सांगितला आणि तिथं त्याची फजिती झाली.

आपली माणसं म्हणजे कोण, तर पोरांकडं राहायला आलेले आईबाप. पोरगा-सून कामाला जातात, नातवंडं शाळेला जातात, आणि ही मंडळी टीव्हीपुढं बसून वाळतात. म्हणून वेंटवर्थव्हिलच्या मराठी मंडळानं आठवड्यातनं एकदा मिनीबस काढायची टूम काढली होती. बस बिरिंगाला यायची. डब्यात 'खाऊ नये' असं लिहिलेलं असायचं, आणि त्या पाटीखालीच चिवड्याची पिशवी सुटायची. दत्तप्रसाद दुसरीकडं बघायचा. कधी कधी हातही पुढं करायचा.

खरं सांगायचं तर त्याचं सगळं सुख ह्या एका वारात होतं. दिवसभर आपल्या बोलीत बोलायचं, खाली दरी, वर आभाळ, समोर ऐकणारी माणसं, आणि वर त्याचा पगार.

तर एकदा ह्या बसमधनं विनिताबाई आल्या. साताऱ्याच्या, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. दत्तप्रसादनं मर्व्हची गोष्ट रंगवून सांगितली. पेट्रोल संपलं तिथं तो थांबला, हशासाठी.

कुणी हसलं नाही.

"एवढंच?" विनिताबाई म्हणाल्या.

"व्हय. म्हंजे, एवढंच म्हंजे बगा, बसचं इंजिन..."

"अहो, पेट्रोल संपलं हा काय इतिहास झाला? ते आमच्या जावयाचंही संपतं."

मागनं एक आजोबा म्हणाले, "लढाई वगैरे काही?"

"हितं लढाई न्हाई झाली, आजोबा."

"मग खाली उतरायला पूर्वी चोरवाट असेल," विनिताबाईंनी त्याला हात दिला, नापास होणाऱ्या पोराला द्यावा तसा. "एवढा कडा आहे. भुयार तरी असेलच की."

आता हितं दत्तप्रसादचं मूळ आडवं आलं. त्याचा चुलता, तात्या, घोणसगडावर वाटाड्या होता. आयुष्यभर पुण्या-मुंबईची माणसं गड दाखवून खाली आणली. तात्याचं म्हणणं असं, की माणूस एवढा घाम गाळून वर येतोय तो दगड बघायला न्हवं, दगड त्याच्या परड्यातबी हाईत. त्यामुळं तात्याच्या गडावर सगळं होतं. घोड्याच्या टापेचा ठसा होता, फितुरांचा कडेलोट होता, राणीचं न्हाणीघर होतं, आणि एक भुयार होतं, जे थेट पन्हाळ्याला निघत होतं आणि सरकारनं बुजवलं होतं. लहानपणी दत्तप्रसाद तात्याच्या मागनं पाण्याची कळशी घेऊन चालायचा. ते सगळं त्याच्या कानात नुसतं नव्हतं, रक्तात होतं.

"हाय की," तो म्हणाला.

डब्यातली सगळी चिवड्याची तोंडं थांबली.

"कुठं?"

"ते काय, खाली झाडी दिसतीया न्हवं, तिच्या आत तोंड. खाणीतनं निघतंय ते थेट नदीला. खाणीचा मालक लई जुलमी. कामगारांनी गुपचूप खणलं, रातोरात."

"आणि आता?"

"आता बुजवलंय. सरकारनं."

"बघा!" विनिताबाई सगळ्यांकडं वळल्या. "सगळीकडं सरकार सारखंच."

खाली उतरताना आजोबांनी दत्तप्रसादची पाठ थोपटली. मर्व्हसाठी कुणी थोपटली नव्हती.

एकदा भुयार आलं की बाकीचं सामान यायला वेळ लागत नाही. पुढच्या बसला जुलमी मालक आला. त्याच्या पुढच्या बसला त्या मालकाची दयाळू पोरगी आली, जी भुयारातनं कामगारांना भाकरी पोचवायची. म्हणजे पाव, पण दत्तप्रसादच्या तोंडून भाकरीच निघायचं. मग फितुराला ढकलून दिला ती जागा आली. एका बाईनं त्या जागेपुढं हात जोडले. दुसरीनं पुढच्या खेपेला नारळ आणून वरच्या कठड्यावर फोडला, आणि त्या पाण्यावरनं केव्ह असा घसरला की आठवडाभर कंबर धरून चालत होता.

"डॅटो," केव्ह म्हणाला, "तुझी माणसं माझ्या कठड्यावर फळं का फोडतात?"

"श्रद्धा हाय त्यांची, मेट."

"कशावर?"

"भुयारावर."

"कसलं भुयार? मी जन्मापासनं हितं आहे. हितं वॉम्बॅटच्या बिळाखेरीज भोक नाही."

"मला ठावं हाय."

केव्हनं एक ठेवणीतली शिवी हासडली आणि वंगणाचा डबा उचलून चालता झाला.

ह्या डोंगराचा खरा जुना इतिहासही होता, बरं का. कोळसा, गॅरेजवाला, कंपनी हे सगळे कालचे पाव्हणे. त्याच्या कितीतरी हजार वर्षं आधीपासनं जी माणसं ह्या डोंगरात नांदत होती, त्यांचा. त्यांच्याबद्दल पार्किंगमध्ये एक चांगला मोठा फलक आहे. लोक त्याच्यापुढं गाड्या लावतात. मंडळाच्या मिनीबसला तर तीच जागा सोयीची पडायची.

असं छान चाललं होतं. मग एक दिवस मिहिर आला.

मिहिर कंपनीच्या पॅरामॅटातल्या हेड ऑफिसात होता. तरणा, पांढरे बूट, हातात टॅबलेट. जन्मला वाढला सिडनीत. वरच्या स्टेशनात सगळ्या डबेवाल्यांना बोलावून त्यानं सांगितलं, की कंपनी आता डब्यात मोठे स्क्रीन बसवणार. दार आपोआप लागणार, माहिती सात भाषांत आपोआप सांगितली जाणार. "सो, केबिनमध्ये माणूस लागणार नाही." ज्यांना दुसरीकडं सोय करता येईल त्यांची करू, बाकीच्यांना, वेल, ऑल द बेस्ट.

दत्तप्रसादनं खिडकीतनं डब्याकडं बघितलं. एवढा मोठा डबा, एवढी मोठी दरी, आणि त्यात आपण नाही? बाकीची मंडळी पांगली तसा मिहिर त्याच्याकडं आला. त्याला वाटलं, आता हातात नारळ देणार.

"यू आर द टनेल अंकल, राइट?"

"काय?"

"माझी आजी! विनिता आजी, साताऱ्याची. शी वोंट शट अप अबाउट इट. टनेल, टनेल, टनेल. तिनं मला विचारलं, तू त्या कंपनीत आहेस आणि तुला भुयार माहीत नाही? आय वॉज सो एम्बॅरस्ड, अंकल. मग मी रिव्ह्यूज बघितले. हाफ ऑफ देम आर अबाउट द टनेल. दिस इज गोल्ड!"

विनिताबाईंचा नातू! दत्तप्रसादला घाम फुटला. पण घाम फुटता फुटता त्याच्या डोक्यात एक दिवाही लागला.

"मग," त्यानं चाचरत विचारलं, "भुयार सांगायला माणूस लागंल न्हवं?"

"ऑफ कोर्स! यू आर द स्टोरी, अंकल. तुम्हाला कुठं जाऊ देतो?"

हितंच दत्तप्रसादनं मनाशी हिशेब मांडला: भुयार आहे तोवर आपण डब्यात आहे. बाकीचे गेले तरी आपण दाराशी उभे. म्हणून मिहिरनं "एक्झॅक्टली कुठं आहे?" असं विचारल्यावर त्यानं बोट केलं. झाडीकडं, जरा गोल फिरवून.

दोन आठवड्यांनी माणसं आली. गवत कापायच्या यंत्रासारखं एक यंत्र घेऊन. ते जमिनीवरनं ढकलत नेलं की आतली पोकळी कळते म्हणे. दत्तप्रसाद डब्यातनं वर-खाली करताना त्यांच्याकडं बघायचा. एरवी त्याला दरी दिसायची, आता नुसतं ते यंत्र दिसायचं. शेवटच्या दिवशी केव्ह पिंपावर येऊन बसला.

"सापडलं," तो म्हणाला.

दत्तप्रसादनं कप खाली ठेवला. "काय सापडलं?"

"वॉम्बॅट. घरीच होता. लई रागावला त्यांच्यावर."

मिहिरचा फोन आला. "अंकल, दे फाउंड नथिंग."

"बुजवलंय म्हणलं न्हवं मी. पार गच्च बुजवलंय."

दत्तप्रसादला वाटलं, संपलं.

"द लॉस्ट टनेल," मिहिर हळूच म्हणाला. "ओह, दॅट्स ईव्हन बेटर."

त्या संध्याकाळी घरी सुचित्रा शेंगा सोलत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं, जरा कौतुकानंच. तिनं शेंग खाली ठेवली.

"दत्ता, नसलेल्या भुयाराचा लोक सर्व्हे करतायत. तू फसवतोयस त्यांना."

"मी कुठं फसवतोय? त्यांनी इचारलं."

"आणि तू हो म्हणालास."

"अगं, आमच्या गडावर..."

"तुमच्या गडावरचं तरी खरं आहे का?"

"म्हंजे काय! घोणसगडाचं भुयार खरं हाय."

"तू बघितलंयस?"

"बुजवलंय."

सुचित्रानं शेंग पुन्हा हातात घेतली. पुण्याची बायको गप्प बसली की नवऱ्यानं समजून जायचं असतं. दत्तप्रसाद समजला, आणि उठून बाहेर गॅलरीत जाऊन त्यानं तात्याला फोन लावला. तिकडं भर दुपार होती.

"तात्या, एक इचारू? आपल्या गडावर भुयार खरंच हाय?"

"आता इचारतोयस?" तात्या खेकसला. "माझ्या मागनं कळशी घेऊन धा वर्सं फिरलास, तवा न्हाई इचारलंस ते?"

"हाय का न्हाई?"

"त्या पुरातत्त्ववाल्यांनीबी असंच इचारलं हुतं. म्या म्हणलं, खणा. हितं खणा, ही बगा पहार. न्हाई खणलं."

"का?"

"मला काय म्हाईत? चहा प्याले आन् गेले. आन् जाताना फोटो काढून गेले, भुयाराच्या जाग्याचा. आता ठिव फोन, माणसं आल्यात मुंबैची."

ह्यातनं दत्तप्रसादला काहीच कळलं नाही. पण झोप उडाली. सुचित्राचं मात्र त्याला पटलं होतं. सांगून टाकायचं ठरवलं. शिवाय त्याला वाटलं, मर्व्हची गोष्ट इंग्रजीत चालते, गोरे हसतात. भुयार काढून घेतलं आणि त्याजागी मर्व्ह दिला, तरी आपली डब्यातली जागा राहील. खोट्यापायी मिळालेली खुर्ची खऱ्यापायी राखता आली तर कुणाला नको?

पॅरामॅटाच्या ऑफिसात उंच मजल्यावर काचेची खोली. खाली लाइट रेल, म्हणजे ट्राम, खेळण्यागत चाललेली. दत्तप्रसादला एवढ्या उंचीवर पहिल्यांदाच गरगरलं. डब्यात कधी असं झालं नव्हतं. समोर मिहिर आणि चार वरचे साहेब. पडद्यावर भुयाराचं चित्र आधीच तयार.

"मला एक सांगायचं आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "भुयार नाही. कधीच नव्हतं. मी तसंच सांगितलं."

त्यानं दम घेतला आणि मर्व्हची गोष्ट सांगितली. बसचं इंजिन, दुधाची गाडी, कुलूप, किल्ली, भोंगा, एडनाचे पाव, दर रविवारी बंद पडणारा डबा. जीव ओतून सांगितली. साहेब हसले. त्यातली एक बाई तर डोळे पुसायला लागली. दत्तप्रसादला वाटलं, जिंकलं.

मग सगळ्यात मोठा साहेब म्हणाला, "ग्रेट स्टोरी. पण कंपनीनं मुद्दाम डबा बंद पाडला, हे आपण प्रवाशांना हवेत असताना सांगू शकत नाही. इन्शुरन्सवाले आपल्याला फाडून खातील."

"आणि भुयार?" दत्तप्रसादनं विचारलं.

"भुयाराचा काय प्रॉब्लेम आहे?"

"ते खोटं हाय." घाईत मराठीत निघालं. मिहिरनं भाषांतर केलं.

"ओह, नो वरीज," साहेब म्हणाला. "आपण वर लिहू, 'असं म्हणतात की'. म्हणतात की नाही लोक?"

"म्हणत्यात," दत्तप्रसादला कबूल करावं लागलं. लोक म्हणतच होते. त्यानंच त्यांना म्हणायला शिकवलं होतं.

"मग झालं तर. एकदम खरं आहे."

मिहिरनं पुढचं चित्र लावलं. खालच्या स्टेशनाखाली कचऱ्याचे डबे ठेवायची एक लांबलचक बोळवजा जागा होती. तिथं भुयार होणार होतं. आणि चित्रात, भुयाराच्या तोंडाशी, दिव्याची टोपी घातलेला एक माणूस काढला होता. सावळा, जरा पोट सुटलेला.

"दॅट्स यू, अंकल! टनेल होस्ट."

"आन् डबा?"

"केबिनमध्ये स्क्रीन. तुमच्याच आवाजात, इफ यू लाइक. तुम्ही खाली. पर्मनंट."

बाकीच्या डबेवाल्यांना निरोपाचा केक मिळाला. दत्तप्रसादला टोपी मिळाली.

भुयार झालं मात्र झकास. फायबरचे दगड, त्यांवर काळा रंग, कुठनं तरी टपटप पाणी पडल्याचा आवाज, तोही टेपवरचा, आणि कोळशाचा वास सोडणारी एक बाटली, जी दर सोमवारी बदलायची. कंपनीनं त्याला छापील मजकूर दिला होता. त्यात दयाळू पोरगी होती, फक्त भाकरीचा पाव केला होता. दर थोड्या वेळानं डोक्यावर धाडकन आवाज व्हायचा, डबा खाली टेकल्याचा. मग जिना उतरून माणसं यायची, डोळे किलकिले करायची, वाकून आत शिरायची. दत्तप्रसाद सांगायचा. माणसं फोटो काढून पुन्हा उजेडात जायची. तो मागं राहायचा. सकाळी आत शिरला की बाहेर ऊन आहे का पाऊस, हे त्याला माणसांच्या टोप्यांवरनं कळायचं.

सुचित्रा म्हणाली, "पण जॉब राहिला ना?"

"राहिला की. जमिनीत गेला."

मिनीबस यायची थांबली नव्हती. उलट आता दोन यायच्या. आणि एका बसमधनं चंद्रहास नावाचे एक गृहस्थ उतरले. सांगलीचे, सार्वजनिक बांधकाम खात्यातनं रिटायर. मुलीकडं तीन महिन्यांसाठी आलेले. बाकीची मंडळी दयाळू पोरीची गोष्ट ऐकत होती, तर ह्यांनी भिंतीवर टिचक्या मारायला सुरुवात केली. टिक. टिक. टिक.

"फायबर आहे," ते म्हणाले.

"व्हय."

"हे खोटं आहे."

"व्हय," दत्तप्रसाद म्हणाला. त्याला एकदम बरं वाटलं. कुणीतरी शेवटी म्हटलं.

"मग खरं कुठंय?"

"काय खरं?"

"भुयार हो. हे लोकांना दाखवायला केलंय, ते ठीक आहे. खरं कुठं आहे?"

"साहेब, खरं न्हाईच. नव्हतंच कधी. तुमच्या गळ्याशपथ सांगतो."

चंद्रहासरावांनी डोळे बारीक केले. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेला माणूस. "समजलं," ते हळूच म्हणाले. "तुम्हाला सांगायची परवानगी नाही."

"तसं न्हवं! अहो, मीच रचलंय हे सगळं. ह्या रोपवेचा खरा इतिहास येगळाच हाय. ऐकायचाय?" आणि छापील कागद बाजूला ठेवून, टपटप पाण्याच्या टेपवर आवाज चढवून, त्यानं मर्व्ह डन्फी सांगितला. पहिल्यापासनं शेवटपर्यंत, भोंग्यासकट.

मंडळी शांतपणे ऐकत होती. संपल्यावर चंद्रहासरावांनी मान हलवली.

"बसच्या इंजिनावर रोपवे?"

"व्हय."

"आणि दुधाच्या गाडीत नगराध्यक्ष?"

"व्हय, साहेब."

"काय राव," चंद्रहासराव म्हणाले, आणि बाकीच्यांकडं बघून डोळा मारला, "काहीही फेकता. आम्ही काय काल जन्मलो? खरं लपवायला माणूस काय काय रचतो बघा." मग त्यांनी दत्तप्रसादच्या खांद्यावर हात ठेवला. "पण तुमच्या इमानाचं कौतुक आहे. खाल्ल्या मिठाला जागताय."

मंडळी वाकत वाकत बाहेर गेली. एक बाई जाताना त्याच्या हातावर चिवडा ठेवून गेली. तो त्यानं उभ्या उभ्या खाल्ला, टोपी काढून खुंटीला अडकवली आणि जिना चढून वर आला. ऊन होतं. डबा नुकताच सुटला होता. आत स्क्रीनवर त्याचाच आवाज बोलत होता आणि कुणीही ऐकत नव्हतं, सगळे खाली बघत होते. डब्याच्या टपावर, पट्ट्यानं स्वतःला बांधून, हातात वंगणाची पिचकारी घेऊन केव्ह बसला होता. पहिल्या खांबापाशी डबा हळू झाला तसा केव्ह उठला, चाकं तपासली, पिचकारी मारली, पुन्हा बसला. चारी बाजूंनी मोकळी हवा. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं, आणि त्याला कुणाला काही सांगायचंही नव्हतं.

डबा परत येईस्तोवर दत्तप्रसाद कठड्याला टेकून थांबला.

"केव्ह," डबा टेकल्यावर त्यानं हाक मारली, "तुझ्या कामात माणूस लागंल का?"

केव्ह टपावरनं उतरला, हात फडक्याला पुसले. "माझा मदतनीस गेला क्वीन्सलँडला. कंपनी सहा महिने झाले माणूस शोधतीय. कोण येत नाही. थंडीत बोटं गळून पडतात."

"मी येतो."

"भुयार सोडून? पर्मनंट आहेस म्हणे."

"भुयार बुजवलं तरी चालंल मला."

केव्हनं त्याला वरपासनं खालपर्यंत न्याहाळलं, विशेषतः पोटाशी. "गरगरतं का तुला?"

"पॅरामॅटात गरगरलं एकदा. हितं न्हाई."

"परीक्षा द्यावी लागेल. दोराची, चाकांची. ट्रेनिंग मी देईन." मग केव्ह म्हणाला, आणि त्याच्या मानानं हे मोठं भाषण होतं, "माझ्या दोन अटी आहेत, डॅटो. बूट आपले आपण आणायचे. आणि वर टपावर कसल्याही गोष्टी सांगायच्या नाहीत."

"बूट आणतो," दत्तप्रसाद म्हणाला.